ट्रेमधलं पाणी

(दृश्य : जालना जिल्ह्यातलं एक गाव. एप्रिल महिना, सकाळचे सात. पॉलिहाउसमध्ये ओळीने मांडलेल्या पांढऱ्या ग्रो बॅगा, त्यांत कमरेइतकी वाढलेली ढोबळी मिरची.)

बाहेर आमचं काळं रान नांगरून पडलंय. ढेकूळ हातात घेतलं तर दगडासारखं लागतं. आत मात्र मातीचा एक कणही नाही. प्रत्येक बॅगेत आहे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. पाच किलोची दाबलेली वीट पाण्यात टाकली की फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. समुद्राकाठचा हा माल समुद्रापासून शेकडो मैल दूर, आमच्या कोरडवाहू गावात येऊन पोहोचला, कारण इथे सगळ्यात महाग काय असेल तर ते पाणी.

पाण्याचं दुःख मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून आम्ही कोकोपीट आणलं तेव्हा डोक्यात एकच होतं, थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही. आणि पहिल्या वर्षी नेमकं तिथेच आम्ही चुकलो.

(दृश्य : हातात एक मिरची. खालच्या टोकाला तपकिरी, खोलगट, चामड्यासारखा डाग.)

ही अशी फळं त्या वर्षी क्रेट भरभरून फेकली. आधी वाटलं बुरशी आहे. फवारण्या झाल्या. पण बुरशी नव्हतीच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नव्हतं. खतात कॅल्शियम नायट्रेट तर रोज जात होतं, मग ते जात होतं कुठे?

त्याचं पहिलं उत्तर विटेतच होतं. नारळाची सोडणं पुष्कळदा खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजवतात. कोकोपीटच्या कणांवर सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं. नुसत्या पाण्याने धुतलं तर सुटं मीठ निघून जातं, चिकटलेलं जात नाही. असं कोकोपीट तुम्ही घातलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःच धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम, पोटॅशियम मुळांशी सोडतं. झाड उपाशी, आणि आपल्याला वाटतं आपण पोटभर घालतोय. आम्ही स्वस्तात मिळालेला, न धुतलेला माल घेतला होता. आता लागवडीआधी वीट फुगवून दोनदा धुतो, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवतो. कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावून त्याच्या जागी बसतं. सकाळी पुन्हा एकदा धुवायचं. एवढी एक रात्र दिली की पुढचे आठ महिने सोपे जातात.

दुसरं उत्तर कळायला जास्त वेळ लागला. ते आमच्या सवयीत दडलेलं होतं.

(दृश्य : मुठीत दाबलेलं कोकोपीट. बोटांमधून तीन-चार थेंब गळतात.)

काळ्या रानाचा शेतकरी वाफसा ओळखतो. पाणी दिलं की चार दिवस थांबायचं, ओल आणि हवा सारखी झाली, पायाला माती चिकटेना, की रान वाफशावर आलं. ही समज आमच्या अंगात मुरलेली आहे, आणि कोकोपीटमध्ये तीच आडवी येते. कोकोपीट पाणी धरतं, पण जास्तीचं लगेच खाली सोडून देतं आणि कणांमध्ये हवा राहते. काळ्या रानात चार दिवसांनी येणारा वाफसा इथे पाणी थांबल्यावर थोड्याच वेळात येतो. म्हणजे वाट बघायची गरजच नाही. उलट वाट बघितली तर घात होतो. बॅगेतलं निम्मं पाणी उडून गेलं की खत तिथेच राहतं आणि उरलेल्या पाण्यात क्षाराचं प्रमाण दुप्पट होतं. मुळांची टोकं करपतात. वरून कोकोपीट सुकलेलं दिसतं, आत ओलं असतं. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, मूठ दाबून बघा.

आता आम्ही थोडं थोडं आणि पुष्कळ वेळा देतो. ताशी दोन लिटर सोडणारा ठिबकचा ड्रिपर तीन मिनिटं चालला की झाडाला शंभर मिली मिळतात. उन्हाळ्यात असे चौदा-पंधरा फेरे होतात. पहिला फेरा सूर्य उगवल्यावर तासाभराने, शेवटचा मावळायच्या तास-दीड तास आधी. दुपारी ऊन चढलं की फेरे जवळजवळ येतात. ढगाळ दिवशी निम्मेही पुरतात. यासाठी टाकी भरलेली हवी आणि छोटा पंप सोलरवर हवा, कारण शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. पंधरा लिटरच्या बॅगेत दोन झाडं असतात, बेचाळीस डिग्रीत अर्धा दिवस पाणी चुकलं की माना टाकतात.

(दृश्य : काचेचा ग्लास. एका हाताने कॅल्शियम नायट्रेटचं दाट द्रावण, दुसऱ्या हाताने मॅग्नेशियम सल्फेटचं. दोन्ही पाण्यासारखी नितळ.)

हे बघा. दोन्ही नितळ आहेत. आता एकत्र ओततो. बघता बघता ताकासारखं पांढरं झालं. हा तयार झालेला जिप्सम. हाच ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाक्या दोन. एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेटची खतं. पातळ झाल्यावर ती पाण्यात एकत्र आली तर चालतात, दाट असताना नाही.

आणि आमचं बोअरचं पाणी. भांड्यांना पांढरे डाग पाडतं, तेच बॅगेतही करतं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू, म्हणजे पीएच, चढत जातो, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. फॉस्फोरिक किंवा नायट्रिक ॲसिड घालून सामू सहाच्या जवळ आणावा लागतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं. पाणी ॲसिडमध्ये कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्या कॅनला हात लावू देत नाही मी कुणाला.

पण सगळ्यात चांगलं पाणी डोक्यावरूनच वाहून जात होतं. दहा गुंठ्यांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. छपराच्या पन्हाळी आम्ही शेततळ्याकडे वळवल्या आणि बोअरच्या पाण्यात ते पाणी मिसळायला लागलो. मला विचाराल तर महागड्या खताआधी पन्हाळी लावा.

(दृश्य : संध्याकाळ. एका बॅगेखाली प्लास्टिकचा ट्रे. शेजारी बाटली, तिच्यात एक मोकळा ड्रिपर. एक स्त्री उकिडवी बसून मापाने पाणी मोजते आहे.)

या माझ्या वहिनी. आमच्या पॉलिहाउसचा खरा कारभार यांच्या वहीत आहे. बाटलीत जमतं ते एका ड्रिपरचं दिवसभराचं पाणी. आज दीड लिटर. बॅगेत ड्रिपर दोन, म्हणजे बॅगेला तीन लिटर मिळालं. ट्रेमध्ये निचरा सहाशे मिली. म्हणजे वीस टक्के.

पहिल्या वर्षी हा ट्रे कोरडाच असायचा आणि आम्ही खूश असायचो. आबा तर म्हणाले होते, "टँकरचं पानी इकत घ्यायचं अन् खाली सांडू द्यायचं? कामून?" त्यांचं चूक नव्हतं. ज्यांनी हंडाभर पाण्यासाठी रात्र काढली, त्यांना हे बघवणार कसं? पण खाली काहीच येत नव्हतं म्हणून सगळं मीठ बॅगेतच साठत होतं. मीटर घेतला आणि थेंब थेंब जमवून निचरा मोजला. ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप. आम्ही देत होतो ईसी २, आणि खालून येत होता साडेचारच्या वर. कोकोपीटने धरून ठेवलेलं सोडलं तरी कॅल्शियम उरत होतं, पण त्या खारटपणात मुळांना पाणीच ओढता येत नव्हतं, आणि पाण्याशिवाय कॅल्शियम फळापर्यंत चढत नाही.

आता निचऱ्याचा ईसी दिलेल्यापेक्षा एकने वर गेला की वहिनी फेरे वाढवायला सांगतात आणि खताची ताकद थोडी उतरवतात. धुवायचं तर निम्म्या ताकदीच्या खतपाण्याने. नुसतं बोअरचं पाणी सोडलं की पुन्हा सोडियम चढायला लागतो. उन्हाळ्यात झाड खतापेक्षा पाणी जास्त मागतं, म्हणून आज ईसी दोनच्या खालीच ठेवलाय.

आणि निचरा? अडीच हजार झाडांचे दिवसाला साडेसातशे लिटर. ते पन्हाळीने एका हौदात जमतं. मोसंबीला देत नाही, तिला क्षार सोसत नाहीत. साधं पाणी मिसळून हत्ती गवताला देतो, आणि दर वेळी वेगळ्या वाफ्याला.

(दृश्य : वही जवळून. निळ्या शाईतले आकडे.)

दिलं १.८. निचरा २.६. वीस टक्के. खाली वहिनींनी लिहिलंय, "उद्या ऊन कडक, दुपारी एक फेरा जास्त."

(दृश्य : आबा हौदाचा कॉक उघडतात. पाणी गवताच्या वाफ्यात शिरतं. गोठ्यातून गाय मान वळवून बघते.)