पऱ्यापलीकडची अंगणवाडी

(दृश्य: पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट; खाली भरलेला पऱ्या, म्हणजे ओढा)

अंगणवाडीला फी नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिकणं आणि आहार, दोन्ही फुकट. तरी कोकणातली पोरं पैसे भरून तालुक्याच्या बालवाडीत जातात. इंग्रजीची हौस असतेच, पण गाडी दारात येते हेही कारण आहे.

ग्रामीण भागात साधारण 400 ते 800 लोकवस्तीला एक अंगणवाडी, असा निकष. देशावरच्या एकगठ्ठा गावाला तो ठीक. इथे तेवढीच माणसं पाच-सहा वाड्यांत विखुरलेली. भातलावणीच्या दिवसांत चार वर्षांचं पोर पऱ्यावरच्या साकवावरून रोज कोण नेणार?

यावरचा उपाय कोकणाच्याच उत्तर टोकाला सापडला. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ मुलांच्या अंगणातच जाऊन बसल्या. अंगणवाडीची सरकारी योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला. मग इमारती झाल्या आणि अंगणात जाणं मागे पडलं.

(दृश्य: पडवीत बसलेली मुलं)

पावसाळ्यापुरता वर्ग लांबच्या वाडीत, समाजमंदिरात किंवा पडवीत भरवता येतो. वाडीतलीच एखादी शिकलेली सून तो घेऊ शकते, मानधन देऊन. सेविकेच्या डोक्यावर वजन-उंचीच्या नोंदी आधीच आहेत.

साहित्य घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. पत्र्याची पेटी खाऱ्या हवेत गंजते. कागदी तक्त्यांना जुलैतच बुरशी येते, म्हणून भिंतीचा खालचा अडीच फूट भाग काळा रंगवून घ्या. खेळायला करवंट्या, मोठे शिंपले चालतील. चिंचोके नाकात जातात, आणि गुंजा तर विषारी.

मूल एका करवंटीतलं पाणी दुसरीत ओततं. दुसरी भरून वाहते, पहिलीत अजून पाणी उरलेलंच. कमी-जास्त असं हातानं कळतं, अंक त्यानंतर. पालक मात्र पाटीवर काय लिहिलं तेच विचारतात.

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की गोष्ट ऐकूच जात नाही. तेव्हा हातवाऱ्यांची गाणी घ्यावीत.

खर्चाचं काय? ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. ग्रामसभेत त्यातून मागा. अर्जात वाडीचं नाव, मुलांची वयासह यादी आणि पऱ्या किती दिवस ओलांडता येत नाही, ते लिहा. नुसतं ‘अंगणवाडी हवी’ म्हटलेला अर्ज लोकसंख्येच्या निकषावर अडतो.