फ्लास्कवरचे नाव

या फ्लास्कमधला गुलाबी द्रव म्हणजे पेशींचे अन्न, ज्याला प्रयोगशाळेत मीडियम म्हणतात. तळाला चिकटून, एकमेकींना खेटून वाढलेल्या दिसतात त्या हेला पेशी. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, त्या घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. पेशी मात्र साधारण दर 24 तासांनी दुप्पट होत राहिल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या.

आता हा हात पाहा. पिपेट बाटलीतले मीडियम उचलते, फ्लास्कमध्ये सोडते आणि पुन्हा त्याच बाटलीत बुडते. मघाशी तिचे टोक फ्लास्कमधल्या द्रवाला पुसटसे टेकले असेल, तर हेलाची एखादी पेशी आता बाटलीत आहे. त्याच बाटलीतले मीडियम शेजारच्या फ्लास्कमध्ये गेले, की तिथल्या संथ वाढणाऱ्या पेशींना ती मागे टाकते आणि काही आठवड्यांत सगळा फ्लास्क तिचाच होतो. बुरशी लागली तर ती डोळ्यांना दिसते. इथे काहीच दिसत नाही आणि फ्लास्कवर नाव जुनेच राहते.

1966 साली पेनसिल्व्हेनियातील बेडफर्ड येथे भरलेल्या परिषदेत जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी, वेगवेगळ्या रुग्णांच्या मानल्या गेलेल्या 18 सेल लाइन्समध्ये (एकाच नमुन्यापासून प्रयोगशाळेत वाढवत नेलेल्या पेशींच्या वंशांमध्ये) जी6पीडी या विकराचा एकच ‘ए’ प्रकार असल्याचे दाखवले. हा प्रकार प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो, आणि यातल्या काही लाइन्स तर गोऱ्या रुग्णांच्या म्हणून नोंदलेल्या होत्या; म्हणजे त्यांत हेला शिरली असावी. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील पेशी-संशोधक वॉल्टर नेल्सन-रीस यांनी सहकाऱ्यांचा रोष पत्करून अशा लाइन्सच्या नावनिशीवार याद्या छापल्या. इतके उघडपणे सांगितल्यावरही सवयी बदलल्या नाहीत, हेच या विषयातले खरे दुखणे आहे.

स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरलेली एमडीए-एमबी-435 ही लाइन मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, पेशींची निघाली. मौखिक कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ज्या केबी लाइनवर तोंडाच्या कर्करोगाची म्हणून औषधे तपासली गेली, तीही हेलाच आहे.

पडद्यावरचे हे उंच-बुटके सुळके म्हणजे एसटीआर प्रोफाइल होय. डीएनएच्या ठरावीक जागांवर एकच छोटा तुकडा किती वेळा ओळीने आला आहे, ते मोजून पेशींची ओळख पटवतात, आणि मूळ नोंदीशी किमान 80 टक्के जुळणी झाली तरच लाइन तीच मानतात. पेशी ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागून न आणता पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून घ्याव्यात, आल्या दिवशी आणि काम संपताना ही तपासणी करावी, आणि प्रत्येक लाइनसाठी मीडियमची बाटली वेगळी ठेवावी.

द्रवरूप नायट्रोजनच्या धुक्यात उतरणाऱ्या या कुपीवर लाइनचे नाव, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) आणि गोठवल्याची तारीख लिहिलेली आहे. तिच्याखालची चौथी ओळ एसटीआर तपासणीच्या तारखेची आहे.