घोड्याच्या मागे उभं राहून

नमस्कार, श्रोते हो.

ज्यांच्या दारात घोडा आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. टांगेवाले, माथेरान-महाबळेश्वरचे घोडेवाले, वरातीची घोडी सांभाळणारे आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं शिंगरू आणून बांधणारे शेतकरी. बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

उद्या सकाळी एक करा. घोडा सपाट जागेवर चारी पायांवर नीट उभा करा आणि लाथेच्या टप्प्याबाहेर, बरोबर त्याच्या मागे जाऊन उभे राहा. दोन्ही पुठ्ठे, म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंचे मांसल भाग, सारखे दिसतात का? बरगड्या संपल्यावर दोन्ही बाजूंना हाडाचं एकेक टोक वर आलेलं असतं, ती टोकं एका रेषेत आहेत का? घोडा आपण नेहमी तोंडाकडून बघतो. विकणाराही तोंडाकडूनच दाखवतो. कमरेचं दुखणं मात्र मागून दिसतं.

मला हे उशिरा कळलं. जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीची पहिलीच वर्षं होती. माथेरानला एक घोडी पाहायला गेलो. चंद्री तिचं नाव. मालकांना सगळे चाचा म्हणत. ओल्या दगडावर मागचा पाय सटकून ती उजव्या अंगावर पडली होती. उठली, पण मागचा उजवा पाय टेकवेना. मी खूर पाहिला, गुडघा पाहिला, मांडी चाचपली. कुठे काही सापडेना. स्नायू ताणला असेल असं म्हणून वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि रोज थोडी फिरवा म्हणून सांगितलं. दोन दिवस तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती जागची हलेना. तेव्हा कुठे मी मागे जाऊन उभा राहिलो. उजवा पुठ्ठा सरळसरळ खाली बसलेला होता. कटीर, म्हणजे ज्याला आपण कमरेचं हाड म्हणतो, ते मोडलं होतं आणि मी तिला चालवत होतो.

चाचांनी विचारलं, "डॉक्टर, मग प्लास्टर घालणार का?"

घोड्याच्या कमरेला प्लास्टर घालता येत नाही. एवढ्या जाड मांसाखालचं हाड बाहेरून बांधून धरता येत नाही आणि शस्त्रक्रियाही क्वचितच होते. एक्स-रे काढणंही अवघड, कारण त्यासाठी बहुतेक वेळा घोड्याला भूल देऊन आडवं करावं लागतं आणि भुलीतून धडपडत उठताना मोडलेलं हाड आणखी सरकतं. आता सोनोग्राफीचं यंत्र तबेल्यात आणता येतं आणि हाडाला पडलेली पायरी पडद्यावर दिसते. म्हणून अशा घोड्याला टेम्पोत घालून घाटातून मुंबईला पळवू नका, डॉक्टरला घोड्यापाशी आणा. ओळखीचा डॉक्टर नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी.

डॉक्टर येईपर्यंत ओठ वर करून हिरड्या पाहा. कटिराच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते आणि तुटलेल्या हाडाची धार तिला लागू शकते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, कान गार लागले, घाम फुटला, नाडी जोरात धावू लागली, तर आत रक्तस्राव होतो आहे असं समजा आणि डॉक्टरला तसं फोनवरच सांगा. हा धोका पहिल्या दिवशी संपत नाही. आठ-पंधरा दिवसांनीही घोडा बसला आणि उठताना त्यानं मागच्या पायांनी जोर लावला की हाड सरकतं.

म्हणून कटिराचा मधला दांडा मोडला असेल तर घोड्याला काही आठवडे बसूच द्यायचं नाही. दोन्ही बाजूंनी दोर घेऊन उभा बांधायचा. नुसतं बाहेरचं टोक मोडलं असेल तर बहुधा इतकं करावं लागत नाही. खुब्याच्या वाटीतच चीर गेली असेल, तर घोडा पुन्हा कामाला येण्याची आशा फार धरू नये. यातलं काय झालंय ते डॉक्टर ठरवेल.

बांधण्यात खरी कसोटी आहे. फक्त अगाडी, म्हणजे तोंडाकडचे दोर, बांधा. पिछाडी, म्हणजे मागच्या पायांचा दोर, मुळीच नको, दुखरा पाय मागे खेचला जाईल. दोर इतकाच आखूड ठेवा की बसता येणार नाही, पण मान खाली घालून चारा खाता येईल. सतत मान वर राहिली की घशातला कफ आणि धूळ छातीत उतरते आणि ताप येतो. दिवसातून चार-पाच वेळा स्वतः समोर उभं राहून दोर सैल करा, त्याला मान जमिनीपर्यंत नेऊ द्या. रोज ताप पाहा. साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या वर गेला तर डॉक्टरला बोलवायला थांबू नका.

घोडा उभ्यानं झोपतो, हे अर्धंच खरं. उभ्यानं तो डुलकी काढतो. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, दिवसातून अर्धा-पाऊण तास का होईना. आपण तेवढंही काढून घेतो. मग मध्यरात्री तो उभ्या उभ्या पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो आणि दचकून सावरतो. अशा वेळी ओरडू नका. पुढच्या गुडघ्यांना जाड कापडाची पट्टी गुंडाळा, खाली भाताचा पेंढा भरपूर पसरा. नजरेच्या टप्प्यात दुसरा घोडा बांधा. घोडा नसेल तर शेळी बांधा. हसू नका, चंद्रीजवळ शेळीच होती.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करा. मालकाला दया येते आणि तो हरभरा वाढवतो. मग अंगात रग आलेला घोडा दोर तोडायला बघतो. शंभर किलो वजनामागे दीड ते दोन किलो सुकं गवत आणि पाणी हवं तेवढं. हालचाल थांबली की आतडी मंदावतात, म्हणून लीद रोज मोजा. एरवी आठ-दहा वेळा टाकणारा घोडा तीन-चारवर आला, तर पोटशूळ दाराशी आला म्हणायचा. दुसऱ्या बाजूच्या मागच्या खुरावरही हात ठेवत जा. सगळा भार त्याच पायावर असतो. खूर गरम लागला, घोट्यामागची नाडी ठणठण उडत असली, तर तो पायही जातो आहे.

आणि डाग देऊ नका. तापल्या सळईनं पुठ्ठ्यावर फुल्या मारल्यानं हाड सांधत नाही, घोडा उसळतो आणि सांधत आलेलं मोडतो. औषधाच्या दुकानातून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी ते २००६ सालापासून बंद आहे, कारण ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मेली. शिवाय वेदना पूर्ण मारली की घोडा नको तेवढा हलतो. माझ्याच हातून ते झालं होतं.

तीन महिन्यांच्या आसपास, डॉक्टरनं पुन्हा पाहिल्यावर, लगाम हातात धरून पाच मिनिटं चालवायचं. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. सपाट, न घसरणारी जमीन, सरळ रेषेत. गोल फिरवणं नको, मागे सरकवणं नको, चढउतार नको. माथेरानात सपाट जागा शोधायलाच आम्हाला एक दुपार लागली. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. पुढे जमिनीवर बांबू आडवे टाकून त्यावरून पाय उचलून चालवलं की वाळलेला पुठ्ठा भरू लागतो. पाठीवर जीन सहा महिन्यांच्या आत नाही, कधी कधी वर्षभर नाही.

हे सांगायला सोपं आहे. चंद्री मार्गशीर्षात पडली. म्हणजे मे महिन्याचा सगळा हंगाम गेला. वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत होते, त्यात ती तबेल्यात उभी राहून खात होती. चाचांनी धाकट्या भावाचा घोडा निम्म्या वाट्यानं चालवला. एप्रिलमध्ये मला म्हणाले, "आता तर ठीक चालते, पोरं बसवू का हलकी?" मी नको म्हटलं आणि मान वळवली, कारण त्यांच्या घराचा हिशेब मला दिसत होता.

दिवाळीनंतर ती कामाला लागली. मग चाचांना तिचं शिंगरू हवं झालं. तिला घोड्याकडून भरवायच्या आधी मी आतून हात घालून तपासलं. हाड जुळलं होतं, पण जुळताना त्याला आत गाठ आली होती आणि वाट अरुंद झाली होती. शिंगरू अडलं असतं. घोडी असेल तर ही तपासणी विसरू नका. चाचांनी तो विचार सोडला.

चंद्रीचा उजवा पुठ्ठा शेवटपर्यंत बसकाच राहिला. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, ही लंगडते का हो? चाचा काही बोलायचे नाहीत. त्याला घोडीच्या मागे उभं करायचे आणि दहा पावलं चालवून दाखवायचे.

नमस्कार.