मागच्या बाकावरचे प्रशिक्षण

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत अधिकारी आले, पालक आले किंवा एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचे, अध्यक्ष सहज डोकावले, तरी शिक्षकासाठी पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोर्शन किती झाला? बेळगाव आणि चिक्कोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांतल्या मराठी शाळांमध्ये माझी नोकरी झाली, आधी फळ्यासमोर आणि पुढे शिक्षकांच्या शेजारी बसून बोलण्यात, आणि हा प्रश्न मी स्वतः किती वेळा विचारला असेल हे आठवले की आज ओशाळल्यासारखे होते. त्याचे उत्तर एका आकड्यात मिळते आणि बोलणे तिथेच खुंटते. त्याऐवजी, 'अलीकडे एखाद्या मुलाने असे काही उत्तर दिले का, की जे घरी जाताना तुमच्या डोक्यात घोळत राहिले?' असे विचारले, तर समोरचा शिक्षक आधी गप्प होतो आणि मग असा बोलू लागतो की घंटा झाल्याचेही भान राहत नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गशिक्षिकेने या प्रश्नाच्या उत्तरादाखल माझ्यापुढे एक वही ठेवली. एका मुलीने १/२ पेक्षा १/४ मोठा असे लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या होत्या. चूक नेहमीचीच आहे. चार हा आकडा दोनपेक्षा मोठा, तेव्हा चार असलेला अपूर्णांकही मोठा, असा हिशेब सगळीकडची मुले करतात. बाईंना सलत होते ते निराळेच. ही मुलगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर बाजारात रताळी विकायला बसते आणि पाव किलोच्या पैशांत अर्धा किलो माल तिच्या हातून कधी सुटत नाही. म्हणजे पाव आणि अर्धा यांतला फरक तिच्या हाताला ठाऊक, पारड्याला ठाऊक, फक्त वहीला ठाऊक नाही.

"सर, मी तिला नियम तीनदा सांगितला," बाई म्हणाल्या, "पण बाजारातला पाव म्हणजेच हा एक छेद चार, एवढं मात्र एकदाही बोलले नाही. ते सांगावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं."

बाईंना अपूर्णांक येत नव्हते असे नाही आणि शिकवण्याची हातोटी नव्हती असेही नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच जागेकडे बोट दाखवले होते: विषयाचे ज्ञान एक, वर्ग सांभाळण्याची सर्वसाधारण कला दुसरी, आणि हाच विषय शिकताना मूल नेमके कुठे अडखळेल व कोणत्या उदाहरणाने सावरेल याची जाण तिसरी, जी फक्त शिकवणाऱ्याजवळच जमा होत जाते. आमच्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले, आणि औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, न अडखळता म्हणणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्या पाठांतराचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्यापायी कित्येकांना शाळाच नकोशी झाली. परंतु त्या काळच्या पाटीवर बाजारातले शब्द जसेच्या तसे उतरत असत, हे मान्य करावे लागते.

शब्दांवरून आठवले. आपल्याकडे दर महिन्याला क्लस्टर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर शिक्षकांची समालोचना सभा भरते आणि त्याखेरीज वेळोवेळी प्रशिक्षणेही होतात. मी ज्यांत बसलो, त्यांतली बहुतेक कन्नडमध्ये होती. पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारची, मराठीत छापलेली, वर्ग मराठी माध्यमाचा, मार्गदर्शन कन्नडमधून. याविषयीची तक्रार आपण सर्वजण जाणतो आणि ती खरीही आहे. कन्नड चांगले येणाऱ्या शिक्षकालाही एखादी सूक्ष्म गोष्ट दुसऱ्या भाषेतून ऐकून तिसऱ्या दिवशी मराठीत शिकवायची म्हणजे वाटेत काहीतरी सांडतेच. तरीही एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यात नेमके उलटे घडले.

गणिताचे प्रशिक्षण होते. मागच्या बाकांवर आम्ही सात-आठ मराठी माध्यमाचे शिक्षक बसलो होतो आणि ज्याला कन्नड उत्तम येत होते तो बाकीच्यांना हळू आवाजात भाषांतर करून सांगत होता. मार्गदर्शक 'भिन्नराशी' म्हणाले. आमच्या मित्राने 'अपूर्णांक' असे सांगितले आणि क्षणभर थांबून स्वतःशीच म्हणाला, "पण हे दोन्ही एकच आहे का?" भिन्न हा शब्द भिद् या धातूपासून आला, म्हणजे फोडलेले, भंगलेले, भास्कराचार्यांनीही तोच वापरला आहे. छेद म्हणजे कापणे, म्हणजे एका वस्तूचे किती तुकडे केले ते. आणि अंश म्हणजे त्यांतले किती उचलले ते. हे दोन शब्द कन्नड आणि मराठीत सारखेच आहेत. गाडी अडते ती अपूर्णांकापाशी. जे पूर्ण नाही ते अपूर्ण, असा अर्थ मुलाच्या मनात एकदा बसला की १/२ आणि ३/४ बिनतक्रार चालून जातात, पण ५/४ पुढे आला की ते गोंधळते, कारण एकापेक्षा मोठी असलेली संख्या अपूर्ण कशी? आपण त्यावर 'अंशाधिक अपूर्णांक' असे आणखी एक लेबल चिकटवतो आणि पुढे जातो. समोर प्रशिक्षण चालू होते आणि मागच्या बाकावर, कुजबुजत, आम्ही अर्धा तास या एका शब्दावर वाद घालत होतो. शेवटी मार्गदर्शकांनी आम्हाला गप्प बसायला सांगितले, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. त्या दिवसाच्या टिपणवहीत माझ्याकडे एवढाच वाद उतरलेला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दुसरा एक हिशेब मांडला होता: शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकांच्या सहवासात सुमारे १३,००० तास घालवलेले असतात. शिक्षक कसा उभा राहतो, कसा रागावतो, उत्तर चुकले की काय करतो, हे सारे त्या तासांमध्ये नकळत अंगी मुरते, आणि पुढे टीसीएच किंवा डीएड असा शिक्षकी अभ्यासक्रम करून वर्गात पाऊल ठेवताना माणूस हे गाठोडे बरोबर घेऊनच येतो. निपाणीकडचे एक गुरुजी मला सांगत होते की बोलणाऱ्या मुलाकडे खडू भिरकावण्याची सवय त्यांना कुठून लागली हे त्यांना कळत नव्हते. एकदा खडू हातातून सुटतानाच मनगटाची ती विशिष्ट झटक आठवली आणि ध्यानात आले की ही आपली नव्हे, आपल्या चौथीच्या मास्तरांची आहे.

असल्या सवयी भाषणांनी जात नाहीत. त्या स्वतःला दिसाव्या लागतात. बेळगाव तालुक्यातल्या एका शिक्षिकेला मी मेरी बड रो यांच्या कामाविषयी सांगितले होते. या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असे दिसले. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. बाईंना ते पटले नाही. आपण भरपूर थांबतो, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवून स्वतःचा तास ध्वनिमुद्रित केला, घरी ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर हसत म्हणाल्या, "सर, मी तर मुलांना श्वाससुद्धा घेऊ देत नाही." त्यानंतर त्या प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजू लागल्या. पहिला आठवडा त्यांना ती शांतता असह्य झाली, शेजारच्या वर्गातील सर काय म्हणतील याचीही धास्ती वाटली. मग एके दिवशी, मोजणी तीनवर पोहोचल्यावर, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलाने हात वर केला. त्याचे उत्तर चुकीचे होते, हेही त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले.

बाईंनी हे मला सांगितले, कारण माझ्या हातात तपासणीचा तक्ता नव्हता. सीआरपी, म्हणजे क्लस्टरमधल्या शाळांना भेटी देणारे साधन व्यक्ती, हे मुळात शिक्षकाचे सोबती असावेत अशी ती योजना आहे, आणि कित्येक सीआरपी तसे असतातही. परंतु सॅट्स या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीवरची माहिती, मध्यान्ह आहाराचा हिशेब आणि भेटीचा अहवाल या सगळ्यांतून उरलेल्या दहा मिनिटांत वर्गावर बोलणे कसे व्हावे? शिवाय ज्याने अहवाल लिहायचा, त्याच्यापुढे आपला फसलेला तास कोण उघडा करील?

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एक माध्यमिक शाळा आणि तिच्याभोवतीच्या प्राथमिक शाळा मिळून शाळा संकुल उभारावे, म्हणजे शिक्षकांचा एकाकीपणा कमी होईल, असे सुचवले होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या आजरा तालुक्यातले, तेव्हा खेड्यातल्या शाळेतला मास्तर किती एकटा असतो हे त्यांना कोणी सांगावे लागले नसणार. मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात ज्या शाळांपर्यंत पोहोचणेच मुश्कील, तिथे एक-दोन शिक्षक तीन-चार इयत्ता सांभाळतात. त्यांना आपल्या वर्गाबद्दल बोलायला माणूस नसतो आणि पुष्कळदा फोनला रेंजही नसते. व्हॉट्सॲपचा गट असतो, पण त्यात परिपत्रके आणि शुभ सकाळ.

जपानमध्ये शिक्षकांची एक जुनी रीत आहे, तिला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यांतला एक जण तो शिकवतो, आणि बाकीचे शिकवणाऱ्याकडे न पाहता मुलांकडे पाहत बसतात. नंतरची सारी चर्चा मुलांनी काय केले यावर होते. आम्ही पाच जणांनी शनिवारची सकाळची शाळा धरून तसे करून पाहिले. पाठ अपूर्णांकांचाच, वर्ग त्या रताळीवाल्या मुलीचा, शिकवणाऱ्या तिच्याच बाई. प्रत्येक गटाला एक रताळे दिले होते आणि त्याचे चार सारखे भाग करायचे होते. पट्टी लावून, खुणा करून मुलांनी चार सारख्या लांबीचे तुकडे केले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना सगळे सुरळीत दिसत होते. मी शेवटच्या गटाशेजारी जमिनीवर बसलो होतो, तिथे एक मुलगा मधला जाडजूड तुकडा उचलून शेजाऱ्याला म्हणाला, "माझा पाव मोठा आहे." शेजाऱ्याने टोकाकडचा निमुळता तुकडा बघितला आणि तो काही बोलला नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही त्या एका वाक्यावर दुपारपर्यंत बसलो. पट्टीने सारखे केलेले वजनाने सारखे नसते, हे आखणी करताना पाचांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. पुढच्या वेळी रताळ्याऐवजी गोल भाकरी घ्यावी, म्हणजे हा गोंधळच होणार नाही, असे दोघांचे मत. गोंधळ झाला म्हणूनच रताळे ठेवावे आणि सोबत तराजू आणावा, असे दुसऱ्या दोघांचे. पाचव्या, म्हणजे बाई, काही वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या की तराजू मुलीच्या आईकडून मागून आणता येईल, फक्त बाजाराच्या दिवशी तो मिळणार नाही.

नमस्कार.