पोपटी लावायला शेत लागतं

अध्यक्षांनी माझा विषय 'पोपटी आणि रायगडची शेती' असा जाहीर केलाय. शेतीकडे येतोच. पण ऐन थंडीत रायगडकरांसमोर उभं राहून पोपटीचं, म्हणजे मडक्यात भांबुर्डीच्या रानपाल्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगांचं, नाव काढायचं आणि थेट भाताच्या पिकावर घसरायचं, हे मला जमणार नाही आणि तुम्हालाही चालणार नाही.

आधी माझं एक गाऱ्हाणं ऐका. इकडच्याच एका रिसॉर्टवर पाहुण्यांसोबत गेलो होतो. बाहेर मोठा फलक, 'गावरान पोपटी नाइट'. वेटरने मडकं आणून टेबलावर ठेवलं. काळंकुट्ट, छान वाटलं. हात लावला तर गार! आत स्टीलचा डबा, डब्यात कुकरला शिजवलेल्या वालाच्या शेंगा आणि वर कोथिंबीर. भांबुर्डीचं एक पान नाही. विचारलं तर म्हणतो, "सर, तो पाला गेस्टना चालत नाही, उग्र वास येतो." अहो, त्या वासासाठीच तर एवढा खटाटोप! बरं, मग मडकं काळं कसं झालं? "ते सीझनच्या सुरुवातीला एकदाच जाळून ठेवतो सर." (हशा) हसताय, पण त्या ताटाचे पैसे मी भरलेत.

खरी पोपटी दोघातिघांची होतच नाही. एकाने शेतावरून शेंगा आणायच्या, एकाने बांधावरून पाला ओरबाडायचा, पोरांनी पेंढा आणि गोवऱ्या गोळा करायच्या. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर जाड मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला असा ठासायचा की मडकं उपडं केलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. भोवती जाळ केला की अर्ध्यापाऊण तासाचं काम. आणि प्रत्येक पोपटीला एक जाणकार असतोच. काडी उचलत नाही, पण वाऱ्याच्या अंगाला बसून नुसत्या वासावर "अजून पाच मिनिटं" असा निकाल देतो. मग कुणीतरी मडक्यावर पाण्याचा हबका मारतो. चर्र होऊन पाणी क्षणात उडालं की झाली.

घाटावर आगटीभोवती बसून हुरडा खाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. वलसाडकडे हायवेच्या कडेला मडक्यातलं उंबाडियू मिळतं. त्यात पापडी, कंद, हिरवा मसाला. कोंबडी नाही, तेव्हा आपण जिंकलो. त्यांच्याशी भांडायला मला आवडेल, पण चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं उरलीत म्हणे.

तर मूळ मुद्दा, भरभर सांगतो. भात कापला की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर आपण वाल पेरतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही, उलट वालाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. म्हणजे भात नाही तर ती ओल नाही, ओल नाही तर वाल नाही. भांबुर्डी तर कुणी पेरतही नाही. ते तण आहे, पडीत आणि बांधावर आपसूक उगवतं. तणनाशक मारलं की पहिलं तेच जातं. एकदा शेतावर मातीचा भराव पडून प्लॉट झाला की दोन्ही संपलं. उरणला १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, पुढे गोदामं आली, पनवेलला विमानतळ झाला, २०२४ मध्ये अटल सेतू झाला. मी यातल्या कशाच्या विरोधात नाही, सेतूवरून येतो तेव्हा वेळ वाचतो याचा आनंदच होतो. पण त्याच रस्त्याने पोपटी खायला येणाऱ्या गाड्या वाढताहेत आणि वालाची शेतं आक्रसताहेत, हा हिशेब जुळत नाही.

रेसिपी इंटरनेटवर कुणालाही मिळते. तिचा अभिमान आपण काय मिरवायचा? अभिमान त्या दुबार पिकाच्या शेताचा हवा. म्हणून पोपटी महोत्सव भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, शेंगा बाजारातून पोत्याने आणू नका. गावातल्या शेतकऱ्याला भातकापणीच्या वेळीच आगाऊ पैसे द्या आणि वाल पेरायला सांगा. आणि बांधाचा एक तुकडा फवारणीतून सोडायलाही.

अध्यक्ष उठले, म्हणजे मी बसतो. मडकं कुठलं चांगलं, हे चहाच्या वेळी विचारा.