मर्यादवेल आणि भरतीरेषा

कोकणातल्या पुळणीवर लाटेचा फेस जिथे विरतो, तिथून थोडे वर चालत गेले की वाळूवर पसरलेली एक वेल दिसते. पाने आपट्यासारखी मधोमध दुभंगलेली, फुले जांभळट, आणि लांबच लांब धुमारे ठिकठिकाणी वाळूत मुळे रोवत पुढे गेलेले. हिचे नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा कुठे संपते हे ती दाखवते, अशी समजूत आहे, आणि ती समजूत पोकळ नाही, कारण रोजच्या भरतीचे पाणी जिथवर येते तिथे ही वेल तग धरत नाही. वाऱ्याने उडालेली वाळू तिच्या पानांत अडकते, साचत जाते आणि किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांना तिथूनच आकार येतो.

अशीच एक मर्यादा सरकारलाही आखावी लागली. कायद्याच्या भाषेत तिला भरतीरेषा म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर ज्या सर्वांत वरच्या ठिकाणापर्यंत पोहोचते, ती ही रेषा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी तिच्यापासून बरेच खाली राहते, त्यामुळे त्या दिवसांत जागा पाहायला आलेल्या माणसाला रेषेच्या खालची जमीनही कोरडी आणि बांधकामाला योग्य वाटू शकते. किनाऱ्यावर काय बांधता येईल आणि काय नाही, याचे जवळजवळ सगळे नियम या एका रेषेपासून मोजले जातात.

या नियमांची सुरुवात एका पत्राने झाली. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहून, भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे कळवले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघालेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने आले, आणि तेव्हापासून ‘सीआरझेड’ ही तीन इंग्रजी अक्षरे कोकणातल्या तलाठ्यापासून मुंबईतल्या बिल्डरपर्यंत सर्वांच्या बोलण्यात रुळली. २०११ मध्ये ही अधिसूचना नव्याने लिहिली गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा एकदा.

आज लागू असलेल्या नियमांत किनाऱ्याचे चार वर्ग आहेत. कांदळवने (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी), प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपट्टे, कासवांच्या विणीच्या जागा आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा पहिल्या वर्गात येतो. आधीच भरपूर बांधकाम झालेली शहरे दुसऱ्या वर्गात, ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात, आणि प्रत्यक्ष पाणी चौथ्या वर्गात. ग्रामीण भागात १९९१ पासून भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई होती. २०१९ मध्ये, २०११ च्या जनगणनेनुसार जिथे लोकसंख्येची घनता प्रति चौरस किलोमीटर २,१६१ हून अधिक आहे, अशा ग्रामीण किनाऱ्यावर हे अंतर ५० मीटरवर आणले गेले. रत्नागिरी जिल्ह्याची घनता १९७ आणि सिंधुदुर्गाची १६३ आहे, हे लक्षात घेतले, तर तळकोकणातल्या बहुतेक गावांना २०० मीटरचाच नियम लागू राहतो. तरीही ‘आता पन्नास मीटर झाले’ हे वाक्य जमिनीच्या व्यवहारात बेधडक फेकले जाते, आणि बाहेरगावचा खरेदीदार त्यावर विश्वासही ठेवतो. खाड्यांच्या काठी मात्र सवलत सर्वत्र आहे: पूर्वी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमांखाली येत असे, तो आता ५० मीटर किंवा खाडीची रुंदी असा झाला आहे.

अंतरे कागदावर स्पष्ट असतात. प्रश्न असतो नकाशाचा. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे १:२५,००० या प्रमाणात तयार होतात, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. कांदळवनाभोवती राखायचा ५० मीटरचा पट्टा या नकाशावर अवघे दोन मिलिमीटर भरतो. रेषा जाड शाईने उमटली, तर एखादे घर, विहीर आणि माडाच्या दोन रांगा तिच्याखाली सहज झाकल्या जातात. म्हणूनच गावपातळीसाठी १:४,००० प्रमाणाचा, गट क्रमांकांसह नकाशा हवा असतो. त्यात तेच ५० मीटर साडेबारा मिलिमीटर होतात आणि आपला बांध आत आहे की बाहेर, हे शेतकऱ्याला बोट ठेवून सांगता येते. अधिसूचनेतल्या एखाद्या कलमावर जितकी चर्चा होते, तितकी या नकाशावर व्हायला हवी होती, असे आमचे मत आहे. स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराची परवानगी आता स्थानिक प्राधिकरणाच्या पातळीवर मिळते, तेव्हा तिथल्या टेबलावर कोणत्या प्रमाणाचा नकाशा उघडा आहे, यावर बरेच काही ठरते.

आता खाडीकडे वळू. ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या काठावर चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोके वर आलेली दिसतात. ही कांदळवनातल्या तिवराच्या झाडाची श्वसनमुळे. चिखलात प्राणवायू फारसा नसतो, म्हणून झाड आपली मुळे जमिनीतून वर काढून हवेतून श्वास घेते. या टोकांच्या मधून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, टणाटण उड्या मारत असतात, चिंबोऱ्या बिळांशी दबा धरून बसतात, आणि कोळंबीची व बोयची पिल्ले भरतीबरोबर आत येऊन याच आसऱ्याला वाढतात. कोळीवाड्यातल्या बायका निवट्या, शिवल्या आणि कालवे गोळा करायला ज्या जागी उतरतात, ती जागा शहराच्या नजरेला नुसता चिखल दिसते.

तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. रात्री डबर टाकून श्वसनमुळे झाकली, की झाड गुदमरते. त्याहूनही बिनबोभाट मार्ग म्हणजे भरतीचे पाणी ज्या चिंचोळ्या नाळेतून आत येते, तिच्या तोंडावर मातीचा बांध घालणे. झाडे उभ्या उभ्या वाळतात, एका हंगामात पिवळी पडतात, आणि मग ‘इथे कांदळवन नव्हतेच, वाळकी झुडपे होती’ असे सांगायला वाट मोकळी होते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीचे पात्र आणि तिच्या काठची कांदळवने भराव टाकून कशी आक्रसली होती, याची चर्चा त्यानंतर पहिल्यांदाच घरोघरी झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची तोड थांबवली आणि जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवनाच्या चहूबाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकाम करू नये, असा आदेश दिला. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने एक पाऊल पुढे जाऊन, कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कावरचा घाला मानला. लोकहिताच्या प्रकल्पासाठी झाडे तोडायची असली, तरी आता न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळतच नाही असे नाही: डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडे तोडण्यास न्यायालयाने मुभा दिली. परंतु ही मागणी उघड्या न्यायालयात मांडावी लागली, झाडे मोजावी लागली, आणि आधी मागितलेला पन्नास हजारांहून मोठा आकडा त्या प्रक्रियेत निम्म्याहून खाली आला, ही बाब लहान नाही.

२००५ च्या आदेशातून शासकीय जमिनीवरील कांदळवने वनखात्याकडे गेली. पुढे २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये खाडीचा ६,५२१ हेक्टरांचा भाग पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचे हे महाराष्ट्राचे तिसरे रामसर स्थळ. मात्र रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. ओहोटीला तो उघड्या चिखलपट्ट्यावर मान उलटी करून चोचीने शेवाळ गाळत फिरतो. उधाणाची भरती येऊन तो पट्टा पाण्याखाली गेला, की थवे उठतात आणि नवी मुंबईच्या बाजूच्या उथळ पाणथळींवर जाऊन विसावतात. त्या पाणथळी बुजल्या, किंवा त्यांच्याकडे येणारी नाळ तुंबली, तर अभयारण्य जिथल्या तिथे राहूनही पक्ष्यांचा निम्मा दिवस उपरा होतो.

पुन्हा खुल्या किनाऱ्यावर येऊ. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ पासून, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या पुढाकाराने, ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. मादी रात्री पुळण चढते, भरतीच्या पाण्यापलीकडे हातभर खोल खड्डा करते, शंभरएक अंडी घालून वाळू सारखी करते आणि निघून जाते. पिल्ले साधारण दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज अधिक उजळ, तिकडे चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. पुळणीला लागून एखाद्या रिसॉर्टचा दिवा रात्रभर जळत असेल, तर ते रिसॉर्टचे ठरते. वेळासमध्ये पाहुणे गावकऱ्यांच्या स्वतःच्या घरांत उतरतात. कासव पाहायला माणसे यावीत आणि तरीही पुळणीवर विटेवर वीट चढू नये, ही तडजोड तिथे अधिसूचना सुधारण्याच्या कितीतरी आधी साधली गेली.

किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी घालतात तो धूपप्रतिबंधक बंधारा नियमांत बसतो. ज्यांच्या अंगणातले माड डोळ्यांदेखत समुद्रात गेले, त्यांची बंधाऱ्याची मागणी कोणी उडवून लावू नये. पण दगडावर आपटलेली लाट परतताना पायाची वाळू ओढून नेते, पुळण अरुंद होते, धूप बंधाऱ्याच्या टोकापलीकडच्या शेजारच्या वाडीत सरकते, आणि वर चढू पाहणारी मादी दगडांशी थबकून परत फिरते. मर्यादवेल ज्या कामाला वर्षे लावते, ते काम दगड एका हंगामात करून दाखवतो; फक्त वेल वाळू धरून ठेवते आणि दगड ती धरत नाही.

नियमांवर देखरेख ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे, आणि तिच्यात किनाऱ्यावरील पारंपरिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत, असे अधिसूचना सांगते. आपल्या जिल्ह्यातले ते तीन जण कोण, हे किनाऱ्यावरच्या किती ग्रामपंचायतींना सांगता येईल, हे प्रत्येक ग्रामसभेत विचारून पाहण्यासारखे आहे.

रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, ही भरतीरेषा सर्वांत अवघड होते. तिथे पिढ्यान् पिढ्या खाडीला बांध घालून, उघाड्या (पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) बसवून भातशेती केली गेली. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी जिथे आहे, तिथे भरतीरेषा त्या बांधावरच थांबते, असे २०१९ ची अधिसूचना म्हणते. शेतकऱ्याला यात दिलासा आहे. पण बांधाला खांड पडली, दुरुस्ती वेळेवर झाली नाही, आणि दोन-चार उधाणांत खारे पाणी शेतात शिरून राहिले, तर भाताच्या जागी तिवराची रोपे उगवतात. खाऱ्या पाण्याने बांधाच्या आत वाढलेल्या अशा कांदळवनाला, ते कितीही लहान असो, तीच अधिसूचना पहिल्या वर्गात घालते. मग सातबाऱ्यावर भात, नकाशावर भरतीरेषेपलीकडची कोरडी जमीन आणि पायांखाली गुडघाभर चिखलात कायद्याने संरक्षित झाड, अशी स्थिती होते. त्या शेताच्या मालकाला नुकसानभरपाई हवी असते, खाडीतल्या कोळ्याला जिताडा माशाची पिल्ले तिथे वाढायला हवी असतात, आणि खांड बुजवण्याचा अर्ज कार्यालयात पडून असताना पुढच्या पौर्णिमेचे पाणी बांधाच्या आत आणखी एक वाफा पुढे सरकलेले असते.