उतार मोजायला शिका

(साताऱ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

कासच्या फुलांच्या पठारावर तुम्ही सगळे जाऊन आलाय. तिथं व्हीलचेअरवरचा माणूस कितीदा दिसला? दिसत नाही, म्हणून त्याला आवडच नसेल असं आपण परस्पर ठरवून टाकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याच्या कलम २९ मध्ये करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. प्रत्यक्षात मात्र दोन पायऱ्यांवर फळी टाकतात आणि त्याला रॅम्प म्हणतात! एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. टेप घेऊन हे मोजता येणं, ही दिव्यांगांना निसर्ग दाखवण्याच्या कामातली पहिली विद्या.

पण मग कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, काँक्रीटची वाट करायची का? मुळीच नाही. जांभ्यावर मातीचा थर पातळ. फुलं त्यावरच येतात आणि माणसांच्या पायांनी तो दबतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या पठाराचा समावेश झाला, तो या नाजूक सड्यासकट. म्हणजे सड्याला हात न लावता, आहे त्या डांबरी रस्त्याच्या कडेवरून काय काय दाखवता येईल, ते तुम्ही आधी जाऊन हेरायचं. दवबिंदू नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती दाखवायला भिंग लागतं, मैलभर चाल लागत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची गोष्ट वेगळी. धो. म. मोहित्यांच्या पुढाकारानं उघड्या डोंगरांवर माणसांनी वाढवलेलं ते जंगल. तिथं 'जंगल आहे तसंच राहणार' हे उत्तर मला तरी पटत नाही. झाडं लावता आली, तर एक सपाट वाटही आखता येईल.

दृष्टिहीन मुलांना काय दाखवणार, असं शिक्षकच विचारतात. खेरात व्हरमे हे अंध जीवशास्त्रज्ञ. शिंपल्यांवरच्या खेकड्यांच्या हल्ल्याच्या खुणा बोटांनी चाचपून त्यांनी उत्क्रांतीवर काम केलं. आपल्याकडे पावशाचं 'पेर्ते व्हा' आहे, पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर पक्ष्याची शीळ आहे. अशा वेळी डोळसांनी मोबाइल खिशात ठेवून गप्प बसावं.

आता पोटापाण्याचं. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या पदवीला दुसरी जोड हवी: विशेष शिक्षणाचा, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवून देणारा अभ्यासक्रम, नाहीतर भारतीय सांकेतिक भाषा. दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत. सुरुवातीला मात्र कासच्या हंगामावर वर्ष निघत नाही. शाळांच्या सहली, कार्यशाळा, सर्वेक्षणं असं जोडून घ्यावं लागतं. घरी हे आधीच सांगून ठेवा.

आणि इथे बसलेल्यांपैकी जे स्वतः दिव्यांग आहेत त्यांना एक सांगतो. वाट तपासायला तुम्हाला बोलावतील, कारण ते काम तुमच्याइतकं नीट कुणाला जमत नाही. मानधन आधी ठरवा, लेखी घ्या. नाहीतर शाल-नारळावर भागवतील.